पट्टीचा रंग

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हार्मेनचा ब्रह्मराक्षस पाठीशी नव्हता, पायाखाली होता.

झान नदीकाठच्या आमच्या गल्लीत चार घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. विटांची, बुटकी, हिरव्या दारांची. चारांच्याही खाली चिखल, आणि त्या चिखलात पणजोबांच्या काळी उभे ठोकलेले लाकडी खांब. सगळा भार त्या खांबांवर. खांबांची डोकी जमिनीतल्या पाण्यात बुडालेली असतात तोवर घराला मरण नाही. पाणी उतरलं, डोकी उघडी पडली, त्यांना हवा लागली, की लाकूड सडायला लागतं आणि घर एका बाजूनं गुडघा टेकतं. ज्याला सारं जग प्राणवायू म्हणतं, तो इथे घराचे प्राण घ्यायला टपलेला. हे गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण बाकीचे लोक जेवताना जेवायचे. हार्मेन बटाट्याचा तुकडा काट्याला लावून मध्येच थांबायचा आणि ऐकायचा.

"आता काय?" त्याची बायको लैस्बेत विचारायची.

"काही नाही. वासा वाजला."

"वासा नाही, माझा गुडघा वाजला. जेव."

ही भीती त्याला आठव्या वर्षी लागली. गल्लीसमोरच्या पाण्याच्या चराच्या पलीकडच्या घरातलं लंबकाचं घड्याळ एकाएकी चालेनासं झालं. त्या घरच्या बाईनं घड्याळजीला बोलावलं. त्यानं घड्याळ उघडलं, बंद केलं, मग ते सोडून भिंतीकडे पाहत राहिला आणि मजुरी न घेता निघून गेला. घर कललं की लंबक अडतो, हे त्याला कळलं होतं. ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं असावं. पुढं त्या घराला बाहेरून तुळयांचे टेकू लागले आणि एका सकाळी ते कुटुंब सामान घेऊन गेलं. बाई गाडीत उलटी बसली होती, मांडीवर ते बंद घड्याळ घेऊन, घराकडे तोंड करून. लहानग्या हार्मेनला ती दिसेनाशी होईपर्यंत दिसत राहिली. मोठेपणी संसार मांडल्यावर त्यानं पहिली वस्तू घेतली ती लंबकाचं घड्याळ. लोक वेळ कळायला घड्याळ घेतात, यानं घर कळायला घेतलं.

त्याची उभी हयात लाकडाच्या गिरणीत गेली. गिरणीमागच्या तळ्यात ओंडके बुडवून ठेवलेले असायचे, आणि हातात आकडीची काठी घेऊन हार्मेन ते ओंडके हाकायचा, गुराख्यानं म्हशी हाकाव्यात तसे. तिथल्या मुकादमानं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ओलं लाकूड मरत नाही, पोरा. वर आलेलं मरतं." हार्मेननं ते वाक्य देवाच्या वचनासारखं जपलं. वाक्य खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मुकादमाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि तळ्यातल्या साचलेल्या पाण्यापुरतं त्याचं काही अडलंही नव्हतं.

आता लैस्बेतचं सांगायला हवं, कारण हार्मेन भीत होता तो विटांसाठी नाही. लैस्बेतची दृष्टी पन्नाशीत हळूहळू गेली. जाताजाता तिनं घर पाठ करून घेतलं. जिन्याच्या कोणत्या पायरीची कड झिजली आहे, कोणत्या फडताळाचं दार आधी उचलून मग ओढायचं, सगळं तिच्या बोटांत होतं. घड्याळाच्या टकटकीवरून ती दिवाणखान्यात वळायची. कॉफी ओतताना एक थेंब बाहेर पडायचा नाही. एवढंच की रंग बोटांना कळत नाहीत, तेवढे हार्मेन सांगायचा.

"आज चराचं पाणी कसं आहे?"

"शिजवलेल्या पालकासारखं."

"आणि शेजारच्या खेरब्रांटचा नवा सदरा?"

"बघण्यासारखा नाही. तू भाग्यवान."

एकदा ती दोघं लेकीकडे, मार्लीनकडे, चार दिवस राहायला गेली होती. चांगलं प्रशस्त घर, पण लैस्बेत पहिल्याच दिवशी दोन पायऱ्यांवरून पडली. त्यानंतर तिनं चालणंच सोडलं. कोट अंगात घालून, हात मांडीवर ठेवून ती खुर्चीत बसून राहिली; दवाखान्यात आपला नंबर येण्याची वाट पाहत बसतात तशी. मार्लीन विचारायची, "आई, हवं का काही?" ती म्हणायची, "नको गं, मी बरी आहे." परत आल्यावर तिनं आपल्या दाराच्या चौकटीवर हात ठेवला, "आले बाई," म्हणाली आणि तरातरा स्वैपाकघरात गेली. हार्मेन दारातच उभा होता. हे घर गेलं तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या खुर्चीत बसेल, हे त्याला त्या क्षणी कळलं. तेव्हापासून त्याच्या भीतीला तळ राहिला नाही.

त्या वर्षी वसंतात नगरपालिकेनं एका प्रयोगशाळेला सांगून गल्लीतल्या चारही घरांखाली हवा मोजायची सोय करून घेतली. त्यासाठी फेना नावाची मुलगी आली. उंच, धांदरट, बुटांना कायम चिखल. दाराशेजारी तिनं एक बारीक नळी थेट खांबाच्या डोक्यापर्यंत उतरवली आणि नळीतून काचेचा एक धागा सोडला. धाग्याचं दुसरं टोक बोळातल्या कोटांच्या खुंट्यांशेजारी एका डबीला जोडलं. मग लैस्बेतनं तिला कॉफी दिली, रिवाजाप्रमाणे एक बिस्कीट दिलं आणि बिस्किटांचा डबा बंद केला.

"एवढ्याशा धाग्याला खालचं काय कळणार?" हार्मेन म्हणाला.

फेनानं तसलाच एक सुटा धागा काढला, दोन पेल्यांत पाणी घेतलं. एका पेल्यात कसलीशी पूड टाकली. "यातली हवा मी मारून टाकली. हा दुसरा नळाचा, तसाच. आता या कोटाखाली डोकं घाला, काका."

कोटाच्या अंधारात हार्मेनला दिसलं. मारलेल्या पाण्यात धाग्याचं टोक लाल पेटलं होतं, पिकल्या चेरीसारखं. नळाच्या पाण्यात घातलं तर विझत विझत फिकं झालं.

"टोकाला रंगाचा लेप आहे," फेना सांगत होती. "इकडून निळा उजेड सोडला की तो लाल पेटतो. हवा असली की ती त्याला पेटू देत नाही."

"म्हणजे आमच्या हार्मेनसारखंच," लैस्बेत म्हणाली. "चार माणसांत नेला की विझतो."

"डबीवर ही पट्टी दिसते ना, ती तुमच्यासाठी. लाल असली की खाली हवा नाही, तुम्ही सुखात. फिकी झाली की हवा शिरली."

"आणि फिकी राहिली तर?" हार्मेननं विचारलं.

फेनाला गोड खोटं बोलता येत नसे. "एखाददुसरा दिवस काही बिघडत नाही. पण महिने गेले तर खणून खांब बघावा लागेल. मऊ निघाला तर नगरपालिका घर रिकामं करायला सांगेल."

हार्मेननं अर्धं बिस्कीट बशीत परत ठेवलं. निघताना फेना म्हणाली, "नळीचं झाकण उघडू नका हं. आत काही जाता कामा नये." हार्मेन म्हणाला, "मी कशाला उघडतोय." तेव्हा तो खरंच बोलत होता.

त्या दिवसापासून रोज सकाळी न्याहारीनंतर हार्मेन बोळात जायचा, डबीचं बटण दाबायचा, आणि लैस्बेत टेबलावरून विचारायची, "पट्टी?"

"लाल."

ती पावावर लोणी लावायला लागायची. हे चाललं होतं ते चाललं असतं, पण पाऊस गेला. आमच्याकडे पाऊस जात नसतो. लोक त्याला शिव्या देतात आणि तो येतो. त्या वर्षी तो मे महिन्यातच नाहीसा झाला. चर उतरत गेला. बदकं पोहायची सोडून चालायला लागली. पुलाच्या खांबावर पाण्यानं सोडलेली हिरवी रेघ दर आठवड्याला उंच दिसायची, आणि हार्मेन रोज जाऊन ती बघून यायचा.

खेरब्रांट हा भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी, जुना ट्रामचालक. त्याला थट्टेशिवाय बोलता येत नसे. "काय शेजारी, बुडालो का?"

"बुडालो असतो तर बरं झालं असतं," हार्मेन म्हणाला, आणि त्यात थट्टा नव्हती.

पट्टी अजून लाल होती. पण भित्र्या माणसाला चांगली बातमी पचत नाही. आज लाल आहे, उद्याचं काय? चर असाच उतरला तर खालचं पाणीही उतरणार. आणि त्याच्या दाराशी तर खांबाच्या डोक्यापर्यंत सरळ जाणारी नळी होती. ओलं लाकूड मरत नाही. एका सकाळी लैस्बेत वर केस विंचरत असताना हार्मेननं झारी नळाखाली धरली. पाणी फेसाळत भरलं, थंडगार, स्वच्छ. बाहेर जाऊन त्यानं झाकण काढलं आणि अख्खी झारी नळीत ओतली. खालून घुळघुळ आवाज आला. कित्येक आठवड्यांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या सकाळी पट्टी चेरीसारखी नव्हती, गाजरासारखी होती.

हार्मेननं बटण पुन्हा दाबलं. म्हणजे कोरड पोचली. अगदी कालच पोचली. देवानंच सुचवलं म्हणून आपण वेळेवर ओतायला लागलो. त्यानं त्या दिवशी दोन झाऱ्या ओतल्या.

"पट्टी?" लैस्बेतनं विचारलं.

हार्मेन खाकरला. "लाल."

आपल्या हातानं विंचू उशाला घेणारी माणसं असतात. हार्मेन रोज सकाळी त्याला पाणी पाजत होता. जितकी पट्टी फिकी पडे तितकं तो जास्त ओते, आणि जितकं ओते तितकी ती फिकी पडे. त्याला वाटायचं, आपण ओततो म्हणून निदान एवढी तरी आहे. नाहीतर घर एव्हाना बसलंच असतं. जून संपेपर्यंत पट्टी धुऊन विटलेल्या कापडासारखी झाली. रोज तो खाकरायचा आणि "लाल" म्हणायचा. तोंडातून शब्द निघताना तो लैस्बेतकडे बघत नसे. तिला दिसत नव्हतं, तरी बघत नसे.

फेना आली, तिनं आकडे बघितले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. बाकी तीन घरांच्या पट्ट्या टवटवीत लाल होत्या.

"धागा बिघडला असेल," हार्मेन हलक्या आवाजात म्हणाला. लैस्बेत स्वैपाकघरात होती. "बिघडतो ना?"

"बिघडतो. कधी कधी टोकाचा रंग उडतो." तिनं नवा धागा सोडला. त्या दिवशी हार्मेन आशेनं वेडा झाला होता. डबीपाशी उभ्याउभ्या त्यानं कॉफी प्यायली. नव्या धाग्यानंही तेच दाखवलं.

"मावशींना सांगितलंत?" फेनानं विचारलं.

"तिला नको सांगूस. तिचं काळीज नाजूक आहे."

लैस्बेतचं काळीज घोड्यासारखं होतं. नाजूक कुणाचं होतं हे सांगायला नको.

त्यातच संडासातली भेग. वाढदिवसांचं कॅलेंडर सगळ्यांच्या घरी असतं तिथेच, संडासाच्या भिंतीवर होतं, आणि त्याच्यामागे एक जुनी भेग होती. हार्मेननं तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. ही इथली जुनी रीत. रोज आत गेला की तो कॅलेंडर उचलून बघायचा. जुलैतल्या एका सकाळी त्यानं कॅलेंडर उचललं आणि काच मधोमध मोडलेली होती.

तो तिथेच झाकणावर बसला. घर हललं. आपण झोपलो होतो, जेवत होतो, आणि ते हललं. पलीकडच्या घरची ती बाई, मांडीवर घड्याळ घेऊन उलटी बसलेली, आता तिला लैस्बेतचं तोंड होतं. बाहेरून लैस्बेतनं दार वाजवलं. "मेलास का आत?" त्यानं कॅलेंडर परत सोडलं. मग तो म्हणाला, "वाढदिवस बघतोय." त्या दिवशी त्यानं चार झाऱ्या ओतल्या.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं, चारही घरांना. हार्मेनच्या घराखाली खणून खांब तपासणार. खेरब्रांट दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात टोपी होती.

"भिंत एकच आहे आपली, हार्मेन. तुझं बसलं तर माझं घेऊनच बसेल."

"ठाऊक आहे."

"नाही, मी फक्त म्हटलं." तो थट्टा न करताच गेला. हार्मेनला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

लैस्बेतला त्यानं सांगितलं की तपासणी चारही घरांची आहे, नुसता नियम. ती "बरं" म्हणाली. हल्ली ती मार्लीनशी फोनवर बोलताना स्वैपाकघराचं दार लावून घ्यायची. नदीपलीकडच्या वृद्धांच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होणार आहेत, एवढं हार्मेनच्या कानावर होतं. मार्लीन वर्षभर तेच टुमणं लावून होती आणि लैस्बेत वर्षभर नाही म्हणत होती, म्हणून त्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

खणायचा दिवस उजाडला. दोन कामगार आले, फेना आली. खणताना घरात कुणी थांबायचं नाही असा नियम, म्हणून लैस्बेतसाठी फुटपाथवर खुर्ची मांडली. ती कोट घालून बाहेर आली, खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवले. हार्मेननं ते पाहिलं. त्यानं खेरब्रांटच्या कुंपणाला धरलं.

फावडी चालत होती. आधी वाळू, मग करडी माती, मग काळा चिखल. सडक्या अंड्यांचा वास गल्लीभर पसरला.

"हा चांगला वास," फेना म्हणाली. "हवा नसली की असाच येतो."

थोरला कामगार खड्ड्यात उतरला. त्यानं खांबाचं डोकं हातानं पुसलं आणि खिशातून टोचा काढला. हार्मेननं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी त्याला फक्त ठक असा आवाज ऐकू आला. मग पुन्हा ठक.

"जात नाही आत," कामगार म्हणाला. "फार तर नखभर. हा तुम्हा-आम्हाला पोचवून मागं राहील."

खेरब्रांटनं मोठ्यानं नाक शिंकरलं. हार्मेन अजून कुंपण धरूनच होता. त्याला हे खरं वाटत नव्हतं. टोचा बोथट असेल, खांब दुसराच असेल. खड्ड्याशी फेना गुडघ्यांवर बसली होती आणि खांबाकडे नाही, नळीकडे बघत होती. सगळीकडे काळा चिखल, आणि नळीभोवती तेवढं एक तांबूस कडं, लोखंडाला गंज चढावा तसं.

"इथे हवा लागलीय. नुसती इथेच," ती म्हणाली. "काका, या नळीत कुणी पाणी ओतलं का?"

सगळे हार्मेनकडे बघायला लागले. लैस्बेतनंही मान वळवली.

"मी," हार्मेन म्हणाला. "खांब ओला राहावा म्हणून."

"कुठलं पाणी?"

"नळाचं. चांगलं, स्वच्छ."

फेनानं त्या तांबूस कड्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "नळाच्या पाण्यात हवा कालवलेली असते. त्या दिवशी पेल्यात पाहिलंत ना तुम्ही. खालचं पाणी वर्षानुवर्षं कोंडलेलं, म्हणून तर लाकूड टिकलं. तुम्ही झारीनं हवा ओतत होतात."

"रोज," हार्मेन म्हणाला. "रविवारी चर्चहून आल्यावर."

"ते कळतंय आता. तुमच्या जमिनीत रविवारी हवा उशिरा यायची. मी डोकं खाजवत होते, जमीन सुट्टी कशी घेते."

कामगार हसला. खेरब्रांट तर खुशीत आला. त्याची थट्टा परत आली होती. "सबंध उन्हाळा आम्ही बागेला पाणी नाही म्हणून रडतोय, आणि हा पाताळाला पाजतोय."

हार्मेन हसला नाही. लैस्बेत खुर्चीतून उठली होती. तो तिच्यापाशी गेला.

"कधीपासून फिकी होती?" तिनं विचारलं.

"जूनपासून."

"मला वाटलंच. आधी विचारलं की लगेच बोलायचास. जूनपासून खाकरायला लागलास."

"तू घाबरशील म्हणून..."

"झारी ऐकू यायची रोज. मला वाटलं फुलांना घालतोस." तिनं कोटाची गुंडी चाचपली. "संडासातली काच मी मोडली. रोज चाचपून बघायचे, शाबूत आहे का. एक दिवस जोर जास्त लागला. तुला सांगायचं तर भेग मला ठाऊक आहे हेही सांगावं लागलं असतं."

महिनाभर त्या काचेनं हार्मेनला जिवंत जाळलं होतं.

"आणि मार्लीनला मी हो म्हटलंय," लैस्बेत म्हणाली. "त्या दोन खोल्यांना."

"हो म्हटलंस? तू?"

"मग काय करू? तू रोज लाल म्हणायचास, आणि मला रोज कळायचं की घर चाललं. किती चाललं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळंच गेलं असं धरून चालले. दोनदा जाऊन आले तिथे मार्लीनबरोबर, तुला दवाखान्याचं सांगून. दारापासून मोरीपर्यंतचं पाठ केलं. बाकीचं होत नाही पाठ. वय झालं."

हे ती रडत म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं. ती बाजाराची यादी सांगावी तशा आवाजात म्हणाली.

खड्डा बुजवला. फेनानं सांगितलं की ओतणं थांबलं की खालचा चिखल उरलेली हवा हळूहळू खाऊन टाकेल, पट्टी परत लाल होईल. मार्लीननं त्या खोल्यांसाठी थोडी मुदत मागून घेतली. आणि हार्मेनच्या आयुष्यातले सगळ्यात भीतीचे दिवस सुरू झाले, कारण आता करायचं काहीच नव्हतं. सकाळी त्याचा हात आपसूक झारीकडे जायचा. झारी त्यानं खेरब्रांटकडे नेऊन टाकली. पट्टी विटकीच होती. मग किंचित गुलाबी वाटली, पण ते खिडकीतलं ऊन असेल. मग गाजरासारखी. या दिवसांत लैस्बेत टेबलावरून काही विचारत नव्हती. ती लोणी लावायची, तो बोळातून परत यायचा, आणि दोघं घड्याळ ऐकत खायची.

एका सकाळी त्यानं बटण दाबलं आणि पट्टी चेरीसारखी लाल झाली.

"लैस्बेत," त्यानं हाक मारली. "ये जरा."

ती भिंतीला हात लावत आली, कोटांशी उभी राहिली. "कुठला रंग?"

हार्मेननं पुन्हा बघितलं. डोळे पुसून पुन्हा बघितलं. या एका शब्दात चूक व्हायला नको म्हणून त्याच्या घशाला कोरड पडली, आणि तो खाकरला.

"लाल."

लैस्बेतचा हात त्याच्या बाहीवर होता तो तिनं काढून घेतला.

"फेना कधी येणार?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी बघू," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत परत गेली. हार्मेन त्या लाल पट्टीसमोर उभा राहिला. घर उभं होतं, खांब शाबूत होते, आणि त्याला आपण बुडालो असं वाटत होतं.

गुरुवारी फेना आली. लैस्बेत तिच्या आधी बोळात जाऊन उभी होती. "सांग गं पोरी, कुठला रंग?"

"लाल आहे, मावशी. अगदी पहिल्या दिवसासारखी."

लैस्बेत सरळ फोनपाशी गेली आणि मार्लीनला म्हणाली, "त्या खोल्या दुसऱ्या कुणाला जाऊ देत गं. आम्ही इथेच बरे." फोन ठेवून तिनं वाटाण्याचं सूप चुलीवर चढवलं. घर राहिलं.

पाऊस आला, चर भरला, बदकं पोहायला लागली. हार्मेन आता जेवताना थांबत नाही. खालचं तो फारसं ऐकत नाही. लैस्बेत काय विचारते तेवढं ऐकतो. चराच्या पाण्याचा रंग तिनं त्यानंतर विचारला नाही. खेरब्रांटच्या सदऱ्याचाही नाही. तोच आपणहून सांगतो, "आज आभाळ करडं आहे," आणि ती "हं" म्हणते.

ऑक्टोबरात फेना महिन्याचे आकडे घ्यायला आली. लैस्बेतनं तिला कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं, डबा बंद केला. मग विचारलं, "आमच्या दारातली हायड्रेंजियाची फुलं अजून निळी आहेत का गं?"

फेनानं खिडकीतून पाहिलं. "निळीच आहेत, मावशी. कडांना जरा जांभळी झालीत."

"हार्मेनही सकाळी तेच म्हणाला," लैस्बेत म्हणाली आणि आपला रिकामा कप त्याच्याकडे सरकवला.

हार्मेननं किटली उचलली. ओतताना त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं, थोडी कॉफी बशीत सांडली, आणि ती सांडल्याचं तिनं ऐकलं.